दोन चमचे खमीर

मोठ्या बाईंच्या बेकरीत दोन गोष्टींना कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. एक म्हणजे खमिराची बरणी आणि दुसऱ्या त्या स्वतः. दोन्ही जुन्या, दोन्ही आंबट, आणि दोन्ही नसत्या तर या रस्त्यावर एक पाव फुगला नसता, असं बाईंचं म्हणणं. बरणी त्यांच्या सासूची. रोज सकाळी तिच्यातलं मूठभर खमीर काढून पिठात कालवायचं आणि काढलं तेवढं मैदा-पाणी बरणीत परत भरायचं. बेचाळीस वर्षांचा हा नेम. घरात माणूस जन्मलं, माणूस गेलं, छप्पर गळलं, पण बरणी एक दिवस उपाशी राहिली नाही. मुलगा लहानपणी म्हणायचा, "आई, बरणी तुझी सख्खी आणि मी सावत्र." बाई म्हणायच्या, "बरणी उलटून बोलत नाही."

अशा घरात नातीला गहू वर्ज्य व्हावा, म्हणजे माशाच्या पिल्लाला पाण्याने शिंका याव्यात तसं झालं.

नात सात वर्षांची. पाय काडीसारखे, पोट नगाऱ्यासारखं, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. दोन वर्षं ती जे खाई ते एक तर उलटून पडे नाही तर दुसऱ्या वाटेने निघून जाई. उंची जिथल्या तिथे. कुणी जंत म्हटलं, कुणी दात येतायत म्हटलं, बाई म्हणाल्या, "आईच्या वळणावर गेलीय. त्या घरात सगळे सुतळीसारखेच." शेवटी सून तिला मोठ्या दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, आणि बाईही मागोमाग गेल्या. त्यांनी रक्त काढलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि नाव सांगितलं: सिलिअ‍ॅक.

बाईंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि जिभेवरून थुंकून टाकलं. "म्हणजे काय ते घरच्या भाषेत सांगा."

डॉक्टरीणबाई लुकड्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. "आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातला कस ती ओढून घेते. गव्हात जो चिकटा असतो, तो हिच्या पोटात गेला की हिचं शरीर त्याच्याशी भांडायला उठतं आणि भांडणात स्वतःचीच लव झडवून घेतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, मैदा, रवा, जव बंद. आयुष्यभर. कणभरसुद्धा नाही."

"कणभराने काय होतंय? आमच्याकडे हवेतच मणभर पीठ आहे."

"म्हणूनच तिला बेकरीत आणू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाई घरी येईपर्यंत धुमसत होत्या. चिकटा! ज्या चिकट्यावर तीन पिढ्या जेवल्या तो चिकटा! मळलेल्या पिठाचा गोळा दोन हातांत ताणला की आरपार उजेड दिसावा आणि तरी तो फाटू नये, ही बाईंची परीक्षा. त्यात नापास झालेल्या कामगाराला त्या दुसऱ्या दिवशी ठेवत नसत. आणि आता ती आखूड बाई सांगते, की तेच विष आहे.

सुनेने मात्र ऐकल्याबरोबर कंबर बांधली. सून औषधाच्या दुकानात कामाला. पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं वाचायची तिला सवयच. वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर तिने घासून घासून पांढरं केलं. जुनी लाटणी, चाळण्या, लाकडी पळ्या सगळं खाली बेकरीत पाठवलं. नवी भांडी आली. दारात बादली, साबण आणि फतवा: खालून वर येणाऱ्याने हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच आत.

"माझ्याच घरात मी पाहुणी," बाई भट्टीवाल्याला म्हणाल्या, "आणि पाहुण्यालासुद्धा कुणी दारात पायपुसण्यासारखं झटकून घेत नाही."

भट्टीवाला त्यांच्याकडे तीस वर्षं होता आणि आगीशी आणि बाईंशी किती अंतर ठेवून बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. "पोरीसाठीच आहे ना, बाई."

"पोरीसाठी सगळं. मला कुणी विचारलं?"

खरं दुखणं हे होतं. पूर्वी चिमणी शाळेतून आली की दप्तर पायरीवर टाकून थेट भट्टीपाशी यायची. बाई गरम पावाचं टोक मोडून तिच्या हातावर ठेवायच्या. फुंकर घालत, बोटं भाजून घेत ती खायची, आणि तेवढी पाच मिनिटं बाईंच्या तोंडून कुणाला शिवी जायची नाही. कामगार त्या पाच मिनिटांत पगारवाढ मागायचे. आता चिमणी वरच्या पायरीवर उभी, बाई खालच्या, आणि मध्ये सुनेची बादली. नातीने पुन्हा आपल्या हातचं खावं, एवढं एकच बाईंना हवं होतं. बाकी दात, गुडघे, मान-सन्मान, जे जायचं ते गेलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून त्यांनी एकदा, सून कामावर असताना, चिमणीला पावाचं टोक दिलं. एवढंसं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदाच्या पुढे बाई मोजत नसत. पोरीचं पोट दुखलं तेव्हा त्या तिच्या पोटावरून हात फिरवत म्हणाल्या, "आईने आणलेलं ते पाकिटातलं खातेस, दुसरं काय होणार?" चिमणीने आजीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. रक्तातला जो आकडा उतरायला हवा होता, तो होता तिथेच ठाण मांडून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पथ्य नीट पाळता ना? कुठेतरी गहू जातोय पोटात."

सून आधीपासूनच स्वतःच्या मागे लागली होती, त्या दिवसापासून तर जास्तच. मिठाची बरणी धुतली. टूथपेस्टचा खोका वाचला. शाळेच्या डब्याला कुलूप लावता येतं का, ते विचारून आली. आणि एका संध्याकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडत बसली. बाईंनी बाहेरून दारावर थाप मारली.

"पाणी वाया जातंय."

एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, आणि ते का गेलं नाही याचा विचार त्यांनी मुद्दाम केला नाही. ज्या खोलीत सापडण्यासारखं काही असतं, तिथे बाई दिवा लावत नसत.

अशात एके दिवशी अध्यक्षीणबाई बेकरीत अवतरल्या. गावातल्या आरोग्य समितीच्या त्या अध्यक्ष. सगळ्या रोगांच्या, आळीपाळीने. मागच्या वर्षी त्यांनी मधुमेहासाठी चालण्याची फेरी काढली होती आणि स्वतः मोटारीतून हात हलवला होता. या वर्षी सिलिअ‍ॅकचा नंबर लागला.

"आठ महिने झाले, मीसुद्धा गहू सोडलाय," त्या गालाला हात लावून म्हणाल्या. "काय हलकं वाटतं म्हणून सांगू! तोंडावर तेज आलं की नाही?"

बाईंनी निरखून पाहिलं. "आलंय. पण ते भट्टीचं असेल, जरा मागे सरका."

"तुम्हालाही तोच आजार का?" भट्टीवाल्याने भाबडेपणाने विचारलं.

"छे छे, आजार कसला! जीवनशैली!"

मुद्दा असा, की समिती सभागृहात कार्यक्रम करणार होती. डॉक्टरीणबाईंच्या संशोधनाला निधी हवा होता. पथ्य पाळूनही ज्या पोरांची आतडी सुधारत नाहीत, त्यांचं काय चुकतंय, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी तपासणीचं यंत्र, माणसं, दोन वर्षांचं काम. तर या कार्यक्रमात गव्हाशिवायचा पाव विकायचा, आणि तो गावातल्या सगळ्यात जुन्या बेकरीने करायचा.

"आणि पहिला तुकडा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या नातीने खायचा. व्यासपीठावर. आजीच्या हातून! फोटो काय येईल!"

बाई नाही म्हणण्यासाठी तोंड उघडून बसल्या होत्या. पण 'आजीच्या हातून' हे शब्द कानांत गेले आणि तोंड आपोआप मिटलं.

सुनेने अटी घातल्या. पाव वरच्या स्वयंपाकघरात होणार. पीठ मी आणणार. भांडी माझी, चाळणी माझी, ओव्हनही वरचाच, डॉक्टरांनी दिलेली यादी भिंतीवर. "आणि आई, खालचं काही वर यायचं नाही. अगदी काहीही."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून पाव करतेय मी."

"गव्हाचा. हा नाही."

तांदूळ, मका आणि बटाट्याचं पीठ, पुडीतलं यीस्ट, मीठ, तेल. बाईंनी हात धुतले, कपडे बदलले, बाह्या सावरल्या आणि मळायला घेतलं. मळणं कसलं, चिखल तुडवणं. ताणायला गेलं तर तुटे, थोपटायला गेलं तर हाताला लागून वर येई. पहिला पाव भट्टीवाल्याला दाखवायला खाली पाठवला. त्याने हातात तोलला, बोटाने वाजवला.

"बाई, हा पाव नाही. ही पायरी आहे."

दुसरा वरून तडकला आणि आत ओला राहिला. तिसऱ्याला चव होती, पण कसली ते कुणाला सांगता येईना. मुलगा खाऊन म्हणाला, "वाईट नाही." बाईंना हे शिवीसारखं लागलं. त्यांच्या पावाला आजवर कुणी वाईट म्हटलं नव्हतं, आणि 'वाईट नाही' म्हणायची तर कुणाची छाती नव्हती.

कार्यक्रम रविवारी सकाळी. शनिवारी दुपारी बारा पावांचं पीठ परातीत कालवून ठेवलं होतं आणि सुनेला दुकानातून बोलावणं आलं. "अर्ध्या तासात येते. तुम्ही नुसतं झाकून ठेवा, आई."

बाई परातीसमोर बसल्या. पीठ मेल्यासारखं पडलं होतं. त्याला वास नाही, जीव नाही. उद्या सगळ्या गावासमोर हा गोळा आपल्या नावाने खपणार. आणि चिमणी तो खाणार, आणि लोकांसमोर हसून 'छान आहे' म्हणणार, आणि आजीच्या हातची चव म्हणून आयुष्यभर हीच लक्षात ठेवणार.

त्या खाली गेल्या. बरणी उघडली. दोन चमचे खमीर वाटीत घेतलं. जिना चढताना त्यांचं स्वतःशी भांडण चालू होतं, आणि बाई स्वतःशी भांडतानाही समोरच्याला बोलू देत नसत. दोन चमचे! बारा पावांत! एका पावाच्या वाट्याला येणार किती, नखावर मावेल एवढं. आणि खमीर म्हणजे काही मैदा नव्हे, ते जिवंत असतं, त्यातला मैदा त्यानेच कधीच खाऊन टाकला असणार. शिवाय आपल्या घरातलं आहे. घरातलं घरच्याला बाधतं का कधी?

वाटी पिठात उपडी केली, कालवली, वाटी धुतली. कपडे बदलायला मात्र विसरल्या नाहीत. नियम म्हणजे नियम.

पाव फुगले. डोंगरासारखे नाही, पण फुगले. आणि घरभर वास सुटला. अर्ध्या तासाचे तीन तास करून सून आली ती दारातच थांबली. एक पाव हातात घेऊन तिने खालून टिचकी मारली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"आई, जमवलंत तुम्ही. मला वाटलं नव्हतं."

लग्न होऊन दहा वर्षांत सुनेने केलेली ही पहिली स्तुती. बाईंनी तिच्याकडे न बघता परात घासायला घेतली. परात स्वच्छच होती.

रविवारी सभागृह भरलं. व्यासपीठावर एवढा मोठा फलक, की डॉक्टरीणबाईंच्या यंत्राचा एखादा पाय त्याच्या खर्चातच आला असता. अध्यक्षीणबाई बोलायला उभ्या राहिल्या त्या बसेनात. त्यांनी आपला गव्हाशिवायचा प्रवास सांगितला, आपल्या त्वचेचा प्रवास सांगितला, मग आपल्या यजमानांच्या गुडघ्यांचा. पावाचे चवीचे तुकडे पुढच्या रांगेत पाहुण्यांना वाटले गेले होते. आजारी माणसं आणि त्यांच्या घरचे मागच्या खुर्च्यांवर, त्यांनी थांबायचं. त्या दिवशी या उद्धटपणाने कितीतरी आतडी वाचली, पण ते नंतर कळलं. अध्यक्षीणबाईंनी स्वतः तीन तुकडे खाल्ले. "बघा," त्या म्हणाल्या, "पोटाला काही म्हणजे काही कळत नाही. गहू नसल्याचा हाच तर फायदा!"

मागे एक म्हातारा शिंपी बसला होता. अकरा वर्षांपूर्वी त्याला हा आजार निघाला, तेव्हापासून त्याने बेकरीचा रस्ताच सोडला होता. विकत घेतलेला एक पाव त्याने कागदात गुंडाळून मांडीवर धरला होता, जपून, जसं कुणाचं तान्हं घ्यावं.

डॉक्टरीणबाई चार वाक्यं बोलल्या. "गोळी निघेपर्यंत पथ्य हेच औषध. काही पोरं पथ्य पाळतात आणि तरी सुधारत नाहीत. का, ते आम्हाला शोधायचंय. त्याला मदत करा." आणि बसल्या. टाळ्या कमी पडल्या, कारण लोकांना वाटलं, ही प्रस्तावना आहे.

मग चिमणीला व्यासपीठावर आणलं. खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला टेकेनात. फोटोवाला गुडघ्यावर बसला. बाईंनी पाव कापला, पहिला तुकडा उचलला आणि नातीसमोर धरला. पण तो तोंडापर्यंत नेईनात. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलंय.

चिमणीने तुकड्याचा वास घेतला. मग आजीकडे पाहिलं. मग अगदी हळू, फोटोवाल्याकडे बघून हसत हसत म्हणाली,

"आजी, याला बरणीचा वास येतोय."

बाईंची नजर सुनेला शोधत मागच्या दारापर्यंत गेली.

"मी आईला नाही सांगणार," चिमणी कुजबुजली. "मागच्या वेळीही नाही सांगितलं. थोडंच दुखतं." आणि तिने तोंड उघडलं.

सात वर्षांची पोर. सगळं कळून तोंड उघडते, म्हाताऱ्या बाईची अब्रू राहावी म्हणून. बाईंनी आयुष्यात पुष्कळांचे अपमान केले होते, काहींचे मुद्दाम, काहींचे वेळ जावा म्हणून. पण असं त्यांना कुणी कधी पायाखाली घेतलं नव्हतं. त्यांनी तुकडा झटक्यात मागे ओढला, जसा काही तो निखारा होता.

अध्यक्षीणबाई लगबगीने जवळ आल्या. "काय झालं?"

"यात गहू आहे."

"हळू बोला!" अध्यक्षीणबाईंचं तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून माणूस निघून गेला. "अहो, लोक बसलेत, पाव विकले गेलेत. आता काय करणार? मुलीला नुसता ओठांजवळ धरू द्या, फोटो निघेल, मग टाकून द्या. झाकली मूठ."

"आणि मागे विकलेत ते?"

"त्यांना कोण सांगतंय?"

बाई अध्यक्षीणबाईंकडे पाहतच राहिल्या. कारण हा आवाज, हे शब्द, हा हिशोब त्यांच्या ओळखीचा होता. काल जिना चढताना अगदी असंच कुणीतरी बोलत होतं. फक्त या बाईच्या तोंडावर तेज जास्त.

त्यांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. त्यांना त्याची सवय नव्हती आणि गरजही नव्हती. त्यामुळे सभागृहाच्या काचा हादरल्या.

"कुणी खाऊ नका! पावात गहू आहे. आमच्या बरणीतलं दोन चमचे खमीर मी काल घातलंय. सुनेने नाही, मी. तिला माहीत नाही. आणि ऐकताच आहात तर आणखी ऐका. सहा महिने ही पोर सुधारत नाही म्हणून माझी सून स्वतःला कोसतेय. तिची चूक नाही. तिच्या पाठीमागे पावाचं टोक मी द्यायचे पोरीला. किती वेळा, ते विचारू नका, मला शरम वाटेल एवढ्या वेळा."

फोटोवाल्याचं यंत्र तेवढं कटकट वाजलं. मग व्यासपीठावरूनच एक कण्हणं आलं. अध्यक्षीणबाई दोन्ही हात पोटावर धरून खुर्चीत खचल्या होत्या.

"मला तरी मघापासून काहीतरी होतच होतं," त्या म्हणाल्या. "जडजड!"

"तुम्हाला काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला आजार नाही. बसून राहा." आणि त्या व्यासपीठाच्या कडेला आल्या. बाईंना वाटलं, आता ही आखूड बाई आपली साल काढणार. पण डॉक्टरीणबाईंची नजर बाईंवर नव्हतीच. ती मागच्या खुर्च्यांवर होती. बऱ्याच दिवसांनी हरवलेलं काहीतरी दिसावं, तशी.

"आणखी कुणी?" त्यांनी विचारलं. "कुणाच्या घरी असं कुणी देतं का? एवढंसं, चमचाभर, लाडाने? मी रागावणार नाही. मला फक्त लिहून घ्यायचंय."

मग एका आजोबांनी हात वर केला, कोपरापर्यंतच. "नातवाला बिस्किट. अर्धंच. तो रडला की." त्यांच्या शेजारच्या लेकीने मान वळवून त्यांच्याकडे जे पाहिलं, त्याने माणूस जागच्या जागी वाळला असता. मग एक मावशी. "मी रस्सा दाट करायला मैदा लावते. पण अगदी चिमटीभर." मग एक नवराच. "मी तिला म्हणालो, हे सगळं मनाचं आहे. म्हणून एकदा न सांगता घातलं, बघायला."

"आणि?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चार दिवस झोपून होती."

"मग बघितलंत ना!" मागून कुणीतरी बाई ओरडली. बहुधा तीच.

डॉक्टरीणबाई फलकाला टेकून भराभर लिहीत होत्या. यंत्र यायचं तेव्हा येणार होतं. तोवर गावातल्या प्रेमळ माणसांनी अर्धं संशोधन तिथेच करून दिलं. अध्यक्षीणबाई तेवढ्या म्हणत राहिल्या, "हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं."

शिंपी उठून पुढे आला. कागदातला पाव त्याने टेबलावर ठेवला. "घरी जाऊन निवांत खाणार होतो," तो म्हणाला. "वास फार सुंदर आहे, बाई." बाईंना वाटलं, याने त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

आणि सून? सून मागच्या दाराशी उभी होती. ती सरळ चालत आली, चिमणीला खुर्चीवरून उतरवलं, तिचे हात आणि तोंड ओल्या रुमालाने पुसलं, आणि बाईंकडे न बघता तिला घेऊन निघून गेली.

दुपारी बाई जिना चढल्या. दारातल्या बादलीत हात धुतले, दोनदा. उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. सून ओट्यावर परात घासत होती, कातडं सोलावं तशी.

"मी काय म्हणते..." बाईंनी सुरुवात केली. पुढचा शब्द त्यांच्या घशात कधी आलाच नव्हता, त्यामुळे त्याला वाट सापडेना.

"सहा महिने, आई," सून पाठमोरीच म्हणाली. "सहा महिने मी स्वतःला खातेय."

"मग आता मला खा."

सून वळली. डोळे लाल. "तुम्हाला खाऊन काय मिळणार? नखशिखांत मैदा!"

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. सुनेलाही आलं असावं, पण तिने ते दिलं नाही.

"पुढची तपासणी तीन महिन्यांनी," सून म्हणाली. "तोवर तिला तुमच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा नाही. भेटायचं ते अंगणात. बोला, गोष्टी सांगा, वेण्या घाला. खायला नाही."

"तीन महिने?"

"कमी वाटतात का?"

बाई गप्प बसल्या. हे बेकरीत कळलं तेव्हा भट्टीवाल्याने दोनदा विचारलं, खरंच गप्प बसल्या का.

तीन महिने त्यांनी पाळले. कामगारांची या काळात दैना झाली, कारण बाईंना नातीला न देण्याचा जो त्रास होई, तो त्या बाकीच्यांना वाटून टाकत. अंगणात चिमणीच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या, की पोरीच्या भुवया वर चढल्या. "आजी, दुखतंय." "दुखू दे, हे आईला खुशाल सांग."

तपासणीचा कागद आला त्या दिवशी सून बेकरीच्या दारापर्यंत उतरून आली. आत पाऊल टाकलं नाही. बाई पिठाचे हात घेऊन दारात गेल्या. शाळेत त्या दुसरीपर्यंतच गेलेल्या. असले कागद त्यांच्यासाठी मुंग्यांचं वारूळ.

"काय म्हणतो?"

"उतरला. निम्म्याच्याही खाली. वजन दोन किलो वाढलंय. डॉक्टर म्हणाल्या, लव पुन्हा येतेय."

बाईंनी पिठाचे हात फडक्याला पुसायला घेतले. मग ते अर्ध्यातच थांबले. सहा महिने जो आकडा सुनेच्या घासण्या-पुसण्याने हलला नाही, तो बाईंचा हात थांबल्याबरोबर खाली आला होता. पोर बरी होतेय, आणि तिला आजारी कोण ठेवत होतं, दोन्ही एकाच कागदावर, दवाखान्याच्या शिक्क्यासकट. आनंद करायचा तर आपल्याविरुद्धच्या पुराव्याचा करायचा.

मागे भट्टीवाला पाव काढायचा थांबला होता. कामगार कान देऊन उभे. सुनेने कागदाची घडी घातली नव्हती. ती वाट पाहत होती.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या.

सुनेने पुन्हा वाचलं. या वेळी जरा मोठ्याने, भट्टीपर्यंत ऐकू जाईल असं.